भूतदयेचा जमाखर्च

साताऱ्यापासून जवळच, जेथें वेण्णा कृष्णेस मिळते तेथें, माहुली हें गांव आहे. आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनीं तें सहलीच्या निमित्तानें पाहिलेंच असेल. तेथें थोरल्या शाहू महाराजांच्या समाधीपाशीं एका कुत्र्याचीहि समाधि दाखवितात. त्या कुत्र्याचें नांव खंड्या. वाघापासून त्यानें महाराजांचा जीव वांचविला, अशी कथा या प्रांतीं सांगितली जाते. साताऱ्यास कंपनी सरकारचा रेसिडेंट म्हणून राहिलेल्या ग्रँट डफनें १८२६ सालीं मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला, त्यांतहि ही हकीकत आली आहे. महाराजांनीं आपला जीव वांचविणाऱ्या कुत्र्यास त्याच्याच नांवानें जहागिरीची सनद करून दिली, पालखीचा मान दिला, आणि अखेरच्या दिवसांत एकदां भर दरबारांत त्यास जरीचीं वस्त्रें व अलंकार घालून स्वतःची पगडी त्याच्या मस्तकीं ठेविली, असें तो लिहितो.

ग्रँट डफला यांत राजाच्या बुद्धीचा भ्रंश दिसला. आम्हांस मात्र त्यांत हिशेबाची एक गोष्ट दिसते. त्या कुत्र्यास कायमचें उत्पन्न होतें. त्याच्यासाठीं कोणास वर्गणी गोळा करावी लागली नाहीं, पावतीपुस्तक छापावें लागलें नाहीं, कीं पुढच्या महिन्याचें भाडें कोठून द्यावें ही चिंता पडली नाहीं. परंतु तें उत्पन्न होतें एकट्या त्याचें. साताऱ्याच्या पेठांतून त्या काळीं जीं इतर कुत्रीं हिंडत असतील त्यांच्या वांट्यास त्या जहागिरींतील भाकरीचा तुकडाहि आला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. ज्याला नांव आहे, जो डोळ्यांसमोर आहे, त्या एका जिवाकडे माणसाची दया धांवत जाते. बिननांवाच्या शेंकडों जिवांपर्यंत पोंचतांना ती वाटेंतच थकते. शाहू महाराज १७४९ सालीं वारले. जहागिरी गेल्या, सनदा गेल्या, तरी दान करण्याची ही तऱ्हा कांहीं बदललेली नाहीं.

हें सर्व आठवण्याचें कारण असें. गेल्या पावसाळ्यांत आमच्या वरच्या वर्गांतील कांहीं मुलांस पोवई नाक्याकडून येतांना गाडीखालीं पाय सांपडलेलें एक कुत्रें दिसलें. गांवांतील कांहीं तरुण मुलेंमुली मिळून अशा जनावरांची शुश्रूषा करितात. त्यांस मुलांनीं बोलाविलें. त्यांनीं कुत्र्यास पशुवैद्यांकडे नेलें व त्याचें छायाचित्र मोबाईलवरून सर्वत्र धाडलें. दोन दिवसांत शस्त्रक्रियेस लागणार होती तिच्याहून जास्त रक्कम जमली. आम्हींहि आपला वांटा दिला, व दिल्यावर जें समाधान वाटावयाचें तें आम्हांसहि वाटलें. पुढें महिना उलटला नाहीं तोंच तेच तरुण ओशाळ्या चेहऱ्यानें आमच्याकडे आले. शेडचें भाडें दोन महिन्यांचें थकलें होतें, लस घेण्यास पैसा नव्हता. शाळेकडून कांहीं होईल काय? आम्हीं आश्चर्यानें विचारलें, "त्या कुत्र्याचे पैसे उरले होते ना?" त्यांचें उत्तर असें कीं, ते पैसे त्या कुत्र्याच्या नांवानें आलेले, त्यांस आम्ही हात कसा लावणार? हा काटेकोरपणा आम्हांस आवडला. परंतु या कामाची खरी अडचण काय आहे हेंहि आम्हांस तेव्हांच प्रथम कळलें, आणि आम्हीं त्यांची जमाखर्चाची वही पाहण्यास मागितली. त्यांनीं ती आढेवेढे न घेतां दिली.

जमेच्या बाजूस सभासदांची मासिक वर्गणी होती. तीनचार दुकानांत ठेवलेल्या डब्यांतील चिल्लर होती. घरोघरच्या रद्दीचे पैसे, दिवाळींत पणत्या विकून झालेला नफा, वाढदिवसाच्या मेजवानीऐवजीं कोणीं दिलेली रक्कम, असें किरकोळ पुष्कळ होतें. आणि शेवटीं मोबाईलवरील छायाचित्रें पाहून आलेल्या देणग्या होत्या. ही एकटी बाब बाकी सर्वांच्या बेरजेहून मोठी होती, आणि तिच्यांतील जवळजवळ प्रत्येक रकमेपुढें एकेका कुत्र्याचें नांव होतें. मोती, ब्राऊनी, शेरू, काळी. जणूं प्रत्येकाची लहानशी जहागीरच.

खर्चाच्या बाजूस नांवें नव्हतीं, वस्तु होत्या. तांदूळ, खाटकाकडील उरलेलें मांस, दूध. सलाईन, मलम, जंतांचें औषध, अळ्या पडलेल्या जखमेंत घालावयाचें टर्पेंटाइन. क्ष-किरणाची फी. पशुवैद्यांची फी, जी ते बहुधा निम्मी घेतात व निम्मी उधार ठेवितात. ती उधारी पानांमागून पानें पुढें ओढलेली दिसली. पेट्रोल, रिक्षाभाडें, शेडचें भाडें, वीज, फिनेल, गोणपाटें. स्वयंसेवकांनीं स्वतःस टोंचून घ्यावयाच्या रेबीजच्या लशी. हिशेबतपासनिसाची फी. आणि साफसफाई करणाऱ्या एका बाईंचा पगार. स्वयंसेवकांच्या संस्थेंत पगार कशाला, असें एका पालकांनीं आम्हांस विचारलें. स्वयंसेवक परीक्षेच्या दिवसांत येत नाहींत; कुत्र्यांची घाण परीक्षेच्या दिवसांतहि होते, एवढेंच त्याचें उत्तर आहे.

या दोन बाजू शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे दोष कोठें आहे तें दिसतें. पैसा येतो तो मोतीसाठीं व काळीसाठीं. खर्च होतो तो फिनेलवर, भाड्यावर आणि लशींवर. फिनेलच्या बाटलीचें छायाचित्र पाहून कोणास पाझर फुटत नाहीं. मग होतें काय, तर संस्था हळूहळू ज्याचें छायाचित्र चांगलें निघेल त्याच कामाकडे ओढली जाते. निरोगी कुत्रीस धरून आणणें, तिची संततिनियमनाची शस्त्रक्रिया करणें, चारपांच दिवस ठेवून घेणें, लस टोंचून, कानास खूण करून पुन्हां जागेवर नेऊन सोडणें, यांत पाहणाऱ्यास हळहळण्यासारखें कांहींच नाहीं; म्हणून त्यास पैसा नाहीं; म्हणून तें काम मागें पडतें. आणि तें मागें पडलें कीं, दोन महिन्यांच्या गाभणकाळानंतर त्याच कुत्रीचीं पांचसहा पिल्लें रस्त्यावर येतात, त्यांतलीं कांहीं गाडीखालीं जातात, आणि नवीं छायाचित्रें तयार होतात.

पैसा ज्या मापानें मोजून दिला जातो त्या मापाचेंच काम वाढतें, असें आमचें मत आहे. आणि याचा दाखला आपल्याच इलाख्याच्या इतिहासांत, कुत्र्यांच्याच बाबतींत, आहे. १८३२ सालीं मुंबईंत बेवारशी कुत्रे मारण्याचा सरकारी हुकूम होता, व मारलेल्या दर कुत्र्यामागें आठ आणे इनाम मिळे. इनामाच्या लोभानें शिपाई लोकांच्या दारांतील पाळलेले कुत्रेहि ओढून नेऊं लागले. पारशी समाज कुत्र्यास पवित्र मानतो. तेव्हां जून महिन्यांत मोठा दंगा उसळला, दुकानें बंद पडलीं, व सैन्य बोलवावें लागलें. हुकूम काढणाऱ्यांस हवी होती रस्त्यांवरील शांतता. पैसा मोजला जात होता मेलेल्या कुत्र्यावर. म्हणून मेलेले कुत्रे मिळाले आणि शांतता गेली. पुढें दोन वर्षांनीं, १८३४ सालीं, जमशेटजी जिजीभाई व शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानें मुंबईची पांजरपोळ निघाली. तिच्या खर्चासाठीं व्यापाऱ्यांनीं कापूस वगैरे आपल्या मालावर स्वखुषीनें लाग बसवून घेतला. या लागाची खुबी अशी कीं, आज एखादें जनावर केविलवाणें दिसतें कीं नाहीं, यावर तो अवलंबून नव्हता. माल विकला गेला कीं पैसा जमा झाला. आपल्याकडील जुन्या बाजारपेठांतहि पट्टींतून धर्मादाय कापून ठेवण्याची चाल होती. तो धर्मादाय पुष्कळदां व्यापाऱ्याच्या नव्हे तर शेतकऱ्याच्या खिशांतून जाई, ही त्यांतील खोट आम्ही विसरलों नाहीं. परंतु नित्याच्या कामास नित्याचा पैसा लागतो हें त्या जुन्या लोकांस कळत होतें.

नित्याच्या कामानें काय साधतें याचा अनुभव आतां पुष्कळ ठिकाणीं आला आहे. जयपूर शहराच्या एका भागांत १९९४ च्या अखेरीपासून २००२ पर्यंत सुमारे २५ हजार कुत्रे धरून शस्त्रक्रिया व लस हा क्रम चालविला गेला. मुदतीच्या अखेरीस माद्यांपैकीं ६५ टक्के माद्यांवर शस्त्रक्रिया झाली होती, कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनीं उतरली होती, आणि त्या भागांत माणसास रेबीज होण्याचे प्रकार शून्यावर आले होते. आपल्या शेजारच्या गोव्यानें सरकार व धर्मादाय संस्था यांच्या भागीदारीनें वर्षानुवर्षें कुत्र्यांस लस टोंचली, व जून २०२१ मध्यें मागील तीन वर्षांत एकहि मनुष्य रेबीजनें दगावला नसल्यामुळें ‘रेबीज-नियंत्रित’ राज्य म्हणून स्वतःस जाहीर केलें. शंभर कुत्र्यांपैकीं सत्तरांस लस मिळाली म्हणजे या रोगाची सांखळी तुटते, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या सत्तरांपैकीं एकाचेंहि छायाचित्र कोणाच्या मोबाईलवर येत नाहीं.

आम्हीं वहीवरून एक हिशेब करून पाहिला. पोवई नाक्याच्या त्या कुत्र्याच्या एका पायावर जो खर्च झाला तेवढ्यांत किती कुत्र्यांस रेबीजची लस टोंचतां आली असती? आंकडा तीन अंकी निघाला. तो आम्हीं त्या तरुणांस दाखविला तेव्हां त्यांतील एक मुलगी चटकन् म्हणाली, "मग त्याला रस्त्यावर तसाच सोडायचा होता का?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आजहि पुरतें नाहीं. तो पाय दुरुस्त करूं नये असें आम्ही म्हणणार नाहीं. त्या पायानेंच तर आमचीं मुलें या कामाकडे वळलीं. पण तें करून उरलेल्या पैशानें लस घेण्यास त्यांचे हात बांधलेले असावे, हें मात्र आम्हांस चुकीचें वाटतें. उपाय साधा आहे. पैसा मागतांनाच स्पष्ट लिहावें आणि पावतीवरहि छापावें कीं, या कुत्र्याच्या उपचाराहून जें उरेल तें लस, शस्त्रक्रिया व भाडें यांकडे लाविलें जाईल. ज्यास हें मान्य नसेल त्यानें देऊं नये. आमचा अंदाज असा कीं, फारच थोडे लोक हात आंखडतील.

दुसरें असें कीं, घाईच्या वेळीं पैसा एखाद्या स्वयंसेवकाच्या स्वतःच्या खात्यांत मागविण्याची जी रीत पडली आहे ती बंद झाली पाहिजे. तो मनुष्य कितीहि सचोटीचा असो. त्याच खात्यांतून त्याच्या घरचें वाणसामान भरलें जातें, आणि सहा महिन्यांनीं कोणता रुपया कुत्र्याचा व कोणता घरचा हें त्यासहि सांगतां येत नाहीं. महाराष्ट्रांत सार्वजनिक न्यासांसाठीं १९५० चा कायदा आहे. त्याप्रमाणें धर्मादाय आयुक्तांच्या कचेरींत नोंदणी करावी लागते व वर्षाचे हिशेब तपासून दाखल करावे लागतात. नोंदणीचा हेलपाटा मोठा आहे हें आम्ही जाणतों. पुष्कळ उत्साही मंडळी तेथेंच कंटाळतात. परंतु त्यावांचून देणगीदारास आयकराची सवलत मिळण्याचा मार्ग खुला होत नाहीं, (ही सवलतहि दोन हजारांवरील रोख देणगीस मिळत नाहीं, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें), आणि २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणें मोठ्या कंपन्यांनीं समाजकार्यास जो पैसा लावावयाचा असतो त्याचें दारहि बंद राहतें. त्या कायद्याच्या यादींत प्राणिकल्याण हा विषय स्पष्ट घातलेला आहे.

संस्था कितीहि नीट चालली तरी मुळांत हें काम नगरपालिकेचें आहे, असें कांहीं पालक म्हणतील; आणि तें खरेंच आहे. २००१ च्या व त्यांच्या जागीं आलेल्या २०२३ च्या श्वानसंततिनियमनाच्या नियमांनीं ही जबाबदारी स्थानिक संस्थांवरच घातली आहे, आणि त्या हें काम मान्यताप्राप्त संस्थांकडून करवून घेऊं शकतात. तेथें पैसा कोणत्या मापानें मोजतात हें ऐकून मुलांस किळस येईल. शस्त्रक्रियेंत काढलेले अवयव जपून ठेवावयाचे, देखरेख करणाऱ्या मंडळींनीं ते मोजावयाचे, आणि त्या संख्येशीं बिल ताडून पाहावयाचें. आम्हांस हें माप मुंबईच्या आठ आण्यांहून आणि मोबाईलवरील छायाचित्राहूनहि बरें वाटतें. कारण येथें जें मोजलें जातें तेंच हवें असतें.

शाळांस या प्रश्नाकडे आतां कानाडोळा करतां येण्यासारखा नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २२ ऑगस्ट २०२५ रोजीं दिल्लीच्या प्रकरणांत आपला पूर्वींचा आदेश सौम्य केला. पिसाळलेलीं वा हिंस्र कुत्रीं सोडून इतरांस शस्त्रक्रिया व लस देऊन त्यांच्या जागीं परत सोडावें, व कुत्र्यांस खाऊं घालण्याच्या जागा ठरवाव्या, असें त्यांत होतें. पुढें ७ नोव्हेंबर २०२५ रोजीं शाळा, रुग्णालयें, बसस्थानकें, रेल्वेस्थानकें अशा आवारांतील कुत्रीं हलवून निवाऱ्यांत ठेवावीं, व तीं पुन्हां तेथें सोडूं नयेत, असा आदेश झाला. मुलांच्या सुरक्षिततेविषयीं आमचें दुमत नाहीं. पण पालकांनीं या आदेशांतील हिशेबहि पाहावा. परत सोडलेल्या कुत्र्यावर शस्त्रक्रियेचा खर्च एकदांच होतो. मग वर्षाची लस तेवढी राहते. निवाऱ्यांतील कुत्रें रोज खातें, रोज त्याच्याखालचें झाडावें लागतें, आणि कुत्र्याचें आयुष्य दहाबारा वर्षांचें असतें. २०१९ च्या पशुगणनेंत एकट्या महाराष्ट्रांत सुमारे पावणेतेरा लाख भटकीं कुत्रीं मोजलीं गेलीं. त्यांतील थोडीं जरी निवाऱ्यांत घालावयाचीं झालीं तरी तो भार रद्दीच्या व पणत्यांच्या पैशांवर पेलणार नाहीं, हें सांगावयास गणिताचे शिक्षक नकोत.

"माणसांस खावयास मिळत नाहीं आणि तुम्ही कुत्र्यांचें काय घेऊन बसलां?" हा प्रश्न आम्हांस दरवर्षीं कोणी ना कोणी विचारतो. विचारणारा मनुष्य भुकेल्या माणसांसाठीं काय करतो, हें आम्ही सभ्यपणामुळें विचारीत नाहीं. परंतु ज्या घरांतील मूल कुत्रें चावून अंथरुणास खिळलें असेल त्या घरानें हाच प्रश्न केला तर तो आम्ही मान खालीं घालून ऐकूं. रेबीजचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे त्यावर औषध नाहीं. म्हणूनच गल्लींतील लस टोंचलेलें कुत्रें हें त्या गल्लींतील पोरांभोंवतीं घातलेलें कुंपण आहे, व त्यावरील खर्च हा माणसांवरीलच खर्च आहे, असें आम्ही समजतों. (ओघानें आलें म्हणून सांगतों: कुत्रें चावल्यास जखमेवर तिखट, चुना कांहीं लावूं नये, वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी व त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. घरीं मार बसेल या भीतीनें चावल्याचें लपवूं नये.)

सांगलीकडील आमच्या विद्यार्थ्यांस दान कसें येतें व कसें जातें हें वेगळें सांगण्याची गरज नाहीं. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेचें पाणी आयर्विन पुलापाशीं ५७ फुटांवर गेलें. धोक्याची पातळी तेथें ४५ फूट आहे. माणसें गच्च्यांवर अडकलीं, गोठ्यांतील जनावरें दावणीलाच राहिलीं, आणि कुत्रीं जेथें उंचवटा सांपडला तेथें गोळा झालीं. त्या दिवसांत मदतीचा ओघहि पुरासारखाच आला. पाणी उतरलें तसा तोहि उतरला. चिखल, रोगराई आणि जनावरांचा दाणावैरण यांचा खर्च मात्र त्यानंतर सुरू झाला. सांगलीस २००३ पासून ‘अ‍ॅनिमल राहत’ ही संस्था काम करीत आहे. ऊसगाड्या ओढणारे बैल, गाढवें यांवर तिचा मुख्य भर. तिच्यापाशीं पगारी पशुवैद्य आहेत आणि मागें पेटासारख्या मोठ्या संस्थेचें पाठबळ आहे, म्हणून पूर असो नसो तिचें काम चालतें. साताऱ्याच्या आमच्या त्या पांचसात तरुणांपाशीं तसें कांहीं नाहीं. परदेशांतून कोणी पैसा पाठवूं म्हटलें तरी २०१० च्या कायद्याखालील परवानगीशिवाय तो घेतां येत नाहीं. त्यांचे देणगीदार म्हणजे आपणच.

म्हणून आमच्या वर्गांनीं यंदा असें ठरविलें कीं, छायाचित्र येवो न येवो, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारीं वर्गांतून डबा फिरवावयाचा. रक्कम किती हें कोणीं कोणास विचारावयाचें नाहीं, देणें ऐच्छिक. डब्यावर प्रथम मुलांनीं एका पिल्लाचें चित्र चिकटविलें होतें. बरीच वादावादी होऊन तें काढण्यांत आलें व त्या जागीं "लस आणि भाडें" असें लिहिण्यांत आलें. चित्र काढल्यावर पहिल्या महिन्याची जमा थोडी घटली हें कबूल केलें पाहिजे. तिसऱ्या महिन्यापासून ती जवळजवळ सारखी येऊं लागली आहे, आणि शेडच्या मालकांची थकबाकी फिटली आहे.

त्या तरुणांनींहि दर तीन महिन्यांनीं आपला जमाखर्च आमच्या सूचनाफळ्यावर लावण्याचें मान्य केलें. पहिला कागद लागला आहे; येतांजातां पालकांनींहि तो पाहावा. त्यांत "किरकोळ" म्हणून एक रक्कम आहे, ती सातवीच्या एका मुलास फार मोठी वाटली, व त्यानें तिचा तपशील लेखी मागितला आहे. उत्तर आलें कीं तेंहि फळ्यावर लावूं.